गोष्टीवेल्हाळ मूल कसं घडतं?

एप्रिल उजाडला की सोसायटीच्या फलकावर आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिराती येऊ लागतात: 'स्टोरीटेलिंग कार्यशाळा, वय ४ ते १०'. शाळेत कथाकथन स्पर्धा असतेच. नव्या शैक्षणिक धोरणानंतर २०२२ साली ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यातही गोष्टींना मोठी जागा दिली आहे. थोडक्यात, गोष्ट सांगता येणं आता पोहणं, अबॅकस आणि कीबोर्ड यांच्या पंक्तीत जाऊन बसलंय. साहजिकच आईवडील विचारतात, मुलाला गोष्टींची गोडी लागावी म्हणून नेमकं करायचं काय?

कथाकथन स्पर्धा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना तिथला प्रकार माहीत असेल. आईने लिहून दिलेली, बाईंनी हातवाऱ्यांसकट बसवलेली गोष्ट मूल एका दमात म्हणून दाखवतं आणि शेवटी तात्पर्य सांगून नमस्कार करतं. पाठांतर म्हणून उत्तमच. पण ती गोष्ट त्या मुलाला कुणाला तरी सांगायची होती का, हा प्रश्न तिथे कुणालाच पडलेला नसतो.

गेल्या पन्नासेक वर्षांत बालमानसशास्त्रात या विषयावर बरंच काम झालंय. त्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. मुलाला किती गोष्टी ऐकवल्या याला महत्त्व आहेच, पण त्याचं स्वतःचं बोलणं किती ऐकून घेतलं आणि ऐकताना त्याला काय विचारलं, याला त्याहून जास्त आहे. हे कसं, ते मुळापासून पाहू.

आधी, गोष्ट म्हणजे काय?

१९४४ साली फ्रित्झ हायडर आणि मारियान झिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म बनवली. त्यात एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक लहानसं वर्तुळ आणि एक उघडझाप होणारी चौकट होती. एवढंच, आणि हे आकार इकडून तिकडे सरकतात. पाहणाऱ्यांना सांगितलं, काय दिसलं ते लिहा. ३४ जणांपैकी फक्त एकाने भूमितीच्या भाषेत वर्णन लिहिलं. बाकीच्यांना तिथे माणसं किंवा प्राणी दिसले. मोठा त्रिकोण दांडगट, वर्तुळ घाबरलेलं, लहान त्रिकोण त्याला वाचवायला धावलेला.

माणसाचं डोकं असं चालतं. हालचाल दिसली की आपण तिच्यामागे हेतू शोधतो. कुणाला तरी काही तरी हवंय, मध्ये अडथळा आहे, आता पुढे काय? एवढं जमलं की गोष्ट उभी राहिली. जेरोम ब्रूनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात मांडलं की आपण दोन पद्धतींनी विचार करतो. एक तर्काची, 'हे खरं आहे का?' असं विचारणारी. दुसरी कथनाची, 'असं कोण का वागेल?' असं विचारणारी. शाळा पहिलीला मार्क देते. दुसरी मात्र मूल शाळेत पाऊल टाकण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते.

पाळण्यातली बडबड

ती किती आधी सुरू होते, याचा एक विलक्षण पुरावा आहे. अमेरिकेत एमिली नावाची एक मुलगी होती. रात्री आईबाबा 'झोप हं' म्हणून खोलीबाहेर गेले की ती अंधारात एकटीच बोलत राहायची. आईवडिलांनी पाळण्याजवळ टेपरेकॉर्डर ठेवला. ती २१ महिन्यांची असल्यापासून तीन वर्षांची होईपर्यंतची ही बडबड कॅथरीन नेल्सन या संशोधिकेने ब्रूनर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर बारकाईने तपासली. १९८९ साली त्यावर अख्खं पुस्तक निघालं.

त्या टेप ऐकून अभ्यासकांना आधी धक्का बसला तो भाषेचा. आईबाबांशी बोलताना ही मुलगी जेवढं बोलायची, त्यापेक्षा एकटी असताना तिची वाक्यं लांब आणि गुंतागुंतीची असायची. समोर ऐकणारा नसताना तिची भाषा जास्त फुलत होती.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. याच काळात तिच्या घरी भाऊ जन्माला आला. मोठ्यांच्या हिशोबात ही तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना. पण पाळण्यातल्या बोलण्यात त्याला फारशी जागा नाही. तिथे रोजचीच प्रकरणं आहेत: उद्या कोण न्यायला येणार, कुठे जायचं, कुणाच्या घरी झोपायचं, आधी काय आणि मग काय. दोन वर्षांच्या मुलासाठी खरं कोडं हेच असतं. त्याला कुणी तरी उचलतं, कपडे घालतं, गाडीत बसवतं, दुसऱ्याच घरी सोडतं, आणि यातलं काहीही त्याच्या हातात नसतं. एमिली रात्री हा सगळा पसारा ओळीने लावायची. 'मग', 'कारण', 'पण', 'नेहमी' असे शब्द तिच्या बोलण्यात हळूहळू शिरत गेले, आणि तसतसा पसाऱ्याला क्रम येत गेला.

म्हणजे गोष्टीची सुरुवात करमणुकीतून झालेली दिसत नाही. न कळलेलं कळून घेण्याच्या धडपडीतून ती झाली. कुतूहल आणि कथा या दोन वेगळ्या आवडी नाहीत, असं म्हणतात ते यामुळे.

'का?'चा मारा

मिशेल शूनार्ड या संशोधिकेने २००७ साली मुलांच्या प्रश्नांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्या माणसाशी बोलण्यात रंगलेलं लहान मूल माहिती मिळवण्यासाठी तासाला सरासरी सत्तरहून जास्त प्रश्न विचारतं, असं त्यात आढळलं. ज्यांच्या घरी चार वर्षांचं मूल आहे त्यांना हा आकडा कमीच वाटेल.

हे प्रश्न नुसते लक्ष वेधून घेण्यासाठी असतात का? तसं असतं तर कुठल्याही उत्तराने मुलाचं समाधान झालं असतं. २००९ च्या एका अभ्यासात हेच तपासलं गेलं. मुलांना कधी खरं स्पष्टीकरण दिलं, कधी 'असंच असतं ते' छापाचं उत्तर दिलं. स्पष्टीकरण मिळालं की मुलं मान डोलावत पुढचा प्रश्न विचारायची. उडवाउडवीचं उत्तर मिळालं की तोच प्रश्न पुन्हा यायचा, नाहीतर मूल स्वतःच एक कारण रचून सांगायचं.

हे शेवटचं महत्त्वाचं आहे. उत्तराच्या जागी पोकळी राहिली, तर मूल ती स्वतःच्या गोष्टीने भरतं. चंद्र आपल्या मागे का येतो? त्याला आपलं घर माहीत नाही म्हणून. अशा उत्तराला आपण 'किती गोड' म्हणून हसतो. पण पात्र, हेतू आणि कृती, तिन्ही त्यात आहेत.

अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र या दोन्हींत काम करणाऱ्या जॉर्ज लोवेनस्टाइनने १९९४ साली कुतूहलाची एक सोपी व्याख्या केली. आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत व्हायला हवं असं वाटतं, त्यांच्यामधली दरी म्हणजे कुतूहल. आता ही व्याख्या हातात धरून चिऊकाऊची गोष्ट पाहा. पावसात कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेलेलं असतं. तो चिमणीच्या दाराशी येऊन म्हणतो, 'चिऊताई, चिऊताई, दार उघड.' 'थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते.' पुन्हा हाक. 'थांब, माझ्या बाळाला तीट लावते.' पुन्हा हाक. दार उघडणार की नाही ही एकच दरी, आणि आजी ती मनाला येईल तेवढी रुंद करते. घाईत असली तर तीन 'थांब', निवांत असली तर दहा. ताणून धरणं म्हणजे काय, हे मराठी मूल वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी असं कानाने शिकतं.

मग शेवट ठाऊक असतानाही रोज तीच गोष्ट का लागते? मोठ्यांना हा हट्ट असह्य होतो. पण मुलाचं प्रत्येक वेळी वेगळ्या गोष्टीकडे लक्ष जात असतं. पहिल्यांदा नुसतं काय घडलं, मग ते कसं सांगितलं, मग एखादा शब्द. २०११ साली ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठात असं दिसलं की तीन वर्षांची जी मुलं त्याच त्याच गोष्टी ऐकत होती ती नवे शब्द जास्त चांगले शिकली. तेच शब्द वेगवेगळ्या गोष्टींमधून तितक्याच वेळा ऐकणारी मुलं मागे राहिली. आणि आजीने एखादा 'थांब' गाळला की मूल तिला टोकतं, हा त्याच्या संपादकीय कारकिर्दीचा आरंभ समजायला हरकत नाही.

या कुतूहलाचं पुढे काय होतं, याचा एक त्रासदायक आकडा आहे. बार्बरा टिझर्ड आणि मार्टिन ह्यूज यांनी १९८४ साली चार वर्षांच्या ३० ब्रिटिश मुलींचं बोलणं घरी आणि बालवाडीत ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध केलं. घरी त्या आईला तासाला सरासरी २६ प्रश्न विचारत. त्याच मुली बालवाडीत बाईंना तासाला दोन. बालवाडी वाईट होती असं नाही. पण तिथे प्रश्न विचारण्याचं काम बाईंनी स्वतःकडे घेतलं होतं.

आठवण आणि विरजण

आता या विषयाच्या गाभ्याकडे. गोष्ट सांगायला आधी काही तरी आठवावं लागतं. पण आपल्यापैकी बहुतेकांना तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं काहीच आठवत नाही. त्या वयात मेंदू आठवणी साठवत नाही असं नाही. दोन वर्षांचं मूल सहा महिन्यांपूर्वी पाहिलेला हत्ती ओळखतं. त्याच्याकडे नसते ती 'हे माझ्या बाबतीत, तेव्हा, असं घडलं' अशा रूपातली आठवण. तिला आत्मचरित्रात्मक स्मृती म्हणतात. इथून पुढे मी नुसतं आठवण म्हणेन.

ही आठवण एकट्याने तयार होत नाही. अनुभव हे दूध धरलं, तर त्याचं दही आपोआप लागत नाही. कुणी तरी चमचाभर विरजण घालावं लागतं. हे विरजण म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीबद्दल मोठ्या माणसाने मुलाशी केलेलं बोलणं. अमेरिकेत रॉबिन फिवुश, न्यूझीलंडमध्ये एलेन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षं आई आणि मूल यांची अशी बोलणी टेप केली. त्यांना दोन तऱ्हा सापडल्या. समजा, घरचे सगळे जेजुरीला जाऊन आले आहेत. एक आई असं विचारेल:

'आपण कुठे गेलो होतो?'
'देवाला.'
'कुठल्या देवाला?'
'…'
'सांग ना, कुठल्या देवाला? काल शिकवलं होतं ना?'

दुसरी असं बोलेल:

'जेजुरीला किती पायऱ्या होत्या ना! तू मध्येच बसून राहिलास.'
'पाय दुखले.'
'हो, दुखले. आणि मग बाबांनी काय केलं?'
'खांद्यावर. मला सगळं पिवळं दिसलं.'
'पिवळं? कशामुळे पिवळं?'
'भंडारा! काकाच्या डोक्यात पण होता. काका भूत दिसत होता.'

पहिली परीक्षा आहे. आईला उत्तर ठाऊक आहे, आणि मुलाला ठाऊक आहे की आईला ठाऊक आहे. दुसरीत आई मुलाच्या शब्दाला आणखी एक शब्द जोडते आणि पुढचं दार उघडं ठेवते. खांद्यावरून सगळं पिवळं दिसलं, हे तिला खरंच माहीत नव्हतं. वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातून असं दिसलं की दुसऱ्या तऱ्हेने बोलणाऱ्या आयांची मुलं पुढे स्वतःच्या गोष्टी जास्त तपशिलाने आणि जास्त सुसंगत सांगतात.

इथे शंका येईल की बोलक्या आईचं मूल बोलकं असणारच, त्यात शोध कसला? म्हणून प्रयोग करून पाहिले गेले. कॅनडात कॅरोल पीटरसन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या साडेतीन वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या आयांपैकी काहींना त्यांनी एवढंच शिकवलं की झालेल्या गोष्टींवर मुलाशी निवांत बोला, ज्याचं उत्तर एका शब्दात संपणार नाही असं विचारा, 'कुठे' आणि 'कधी' विसरू नका, आणि मूल ज्या विषयावर बोलतंय त्यावरच राहा. आधी मुलांचा शब्दसंग्रह वाढला. गोष्ट सांगण्यातला फरक मात्र वर्षभराने तपासलं तेव्हा दिसला. दोन आठवड्यांच्या शिबिरातून फार अपेक्षा करू नये, असं मी म्हणतो ते यासाठी.

न्यूझीलंडमधलाच आणखी एक निष्कर्ष मला फार आवडतो. ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००० साली प्रौढांना विचारलं, तुमची सगळ्यात जुनी आठवण कोणत्या वयाची? युरोपीय वंशाच्या लोकांची सरासरी साडेतीन वर्षांच्या आसपास निघाली. तिथल्या मूळ रहिवासी माओरी लोकांची पावणेतीनच्या आसपास. माओरी समाजात पूर्वजांच्या, वंशाच्या, जन्माच्या कथा तोंडी सांगण्याची परंपरा जिवंत आहे. पुढच्या एका अभ्यासात असंही दिसलं की माओरी आया मुलाला त्याच्या जन्माची हकीकत जास्त रंगवून सांगतात. 'तू झालास त्या रात्री धो धो पाऊस होता, रिक्षा मिळेना, मामा छत्री घेऊन…' ही आपल्याकडची गोष्ट त्याच जातीची. मूल तिच्यात नायक असतं आणि त्याला स्वतःला त्यातलं काहीच आठवत नसतं. सगळ्यात मोठी दरी इथेच आहे, म्हणून ती पुन्हा पुन्हा सांगायला लावतात.

'पण ज्यांच्या घरी पुस्तकंच नसतात त्यांचं काय?'

हा आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. वर सांगितलेलं चित्र निवांत आई, एकच मूल आणि शांत खोली असलेल्या घराचं वाटतं. पण गोष्टीकडे जाणारे रस्ते अनेक आहेत.

शर्ली ब्राइस हीथ या अभ्यासिकेने अमेरिकेच्या कॅरोलिना भागातल्या कापड गिरणी कामगारांच्या दोन वस्त्यांमध्ये सुमारे दहा वर्षं काम केलं. १९८३ च्या तिच्या पुस्तकात त्यांना ट्रॅक्टन आणि रोडव्हिल अशी नावं दिली आहेत. गोऱ्या कामगारांच्या रोडव्हिलमध्ये मुलांना पुस्तकं मिळत, झोपताना वाचूनही दाखवत. पण तिथे गोष्ट म्हणजे जसं घडलं तसं सांगायचं आणि शेवटी बोध काढायचा. पदरचं घातलं की ते खोटं ठरायचं. काळ्या कामगारांच्या ट्रॅक्टनमध्ये मुलांसाठी पुस्तकं जवळजवळ नव्हती. पण ओसरीवर आणि चौकात दिवसभर माणसांचा राबता असे, आणि त्यात आपलं म्हणणं ऐकवायचं तर मुलाला ते रंगवून, नक्कल करून, थोडं फुगवूनच सांगावं लागे. फिकं सांगाल तर कुणी वळूनही बघणार नाही.

गंमत पुढे आहे. दोन्ही वस्त्यांतल्या मुलांची शाळेत पंचाईत झाली. बाई म्हणाल्या, मनाने गोष्ट रचा, की रोडव्हिलची मुलं अडत. ट्रॅक्टनची मुलं झकास सांगत, पण ऐकणाऱ्याला सगळी पात्रं ओळखीची आहेत असं धरून चालत. त्यामुळे बाईंना कोण, कुठे, कधी काही कळत नसे. बालपणाने दोघांनाही गोष्ट दिली होती, फक्त वेगवेगळ्या मैफलीसाठी.

आपल्याकडे हे सांगायला लांब जावं लागत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल, पाऊस, सगळं त्यांत आहे. सांगणाऱ्यांपैकी कितीतरी जणींना अक्षरओळखही नव्हती. त्या ओव्या त्यांनी शिकल्या कशा? पहाटे आईच्या मांडीला टेकून अर्धवट झोपेत. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. रामायण-महाभारतातले प्रसंग चितारलेली पोथी, एकेक चित्र समोर धरायचं आणि गात गात कथा सांगायची. ती जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तिथलं मूल आधी नुसतं ऐकतं, मग साथीला बसतं, आणि मग कधी तरी चित्र त्याच्या हातात येतं.

'मोठा लेखक व्हायला दुःख भोगावं लागतं म्हणतात'

म्हणतात खरं, आणि उदाहरणं द्यायला ब्राँटी भावंडं हाताशी असतातच. यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावच्या धर्मगुरूची ही मुलं. १८२१ मध्ये आई गेली. १८२५ मध्ये दोन थोरल्या बहिणी महिना-दीड महिन्याच्या अंतराने गेल्या. उरलेली चार, वयं पाच ते नऊ. आणि त्यातल्या तिघींची नावं आज इंग्रजी साहित्यात आहेत. मग दुःखानेच लेखक घडवले, असा निष्कर्ष सोपा वाटतो.

पण त्या काळात आई आणि बहिणी गमावलेली मुलं हजारोंनी होती. त्यांनी काही लिहिलं नाही म्हणून आपण त्यांना मोजत नाही. ब्राँटींच्या घरी आणखी काय होतं ते पाहायला हवं. वडील मुलांशी राजकारण बोलत, आणि वर्तमानपत्रं, मासिकं मुलांपासून लपवून ठेवत नसत. टॅबी नावाची स्वयंपाकघरातली बाई माळावरच्या पऱ्यांच्या आणि जुन्या घराण्यांच्या हकिकती सांगे. जून १८२६ मध्ये वडिलांनी मुलासाठी १२ लाकडी शिपाई आणले. चौघांनी एकेक उचलला आणि त्याला नाव दिलं. शार्लटचा होता ड्यूक ऑफ वेलिंग्टन. या शिपायांसाठी त्यांनी देश वसवला, शहर उभारलं, लढाया केल्या, आणि शिपायांना वाचता यावीत म्हणून इवल्याशा अक्षरांत तळहातात मावतील अशी मासिकं लिहिली. हा खेळ पुढे कित्येक वर्षं चालला. दुःख होतंच. पण त्याबरोबर चार डोकी होती, प्रत्येकाला तीन श्रोते होते, आणि 'मग पुढे?' विचारणारं कुणी ना कुणी रोज घरात होतं. मुलाला लेखक करण्यासाठी त्याला दुःखात लोटायची गरज नाही, एवढं यावरून नक्की म्हणता येईल.

'याने मूल खोटं बोलायला शिकेल'

पाच वर्षांचा नातू सांगतो की त्याच्या मित्राने, जो पलंगाखाली राहतो, बिस्किटं खाल्ली. काळजी करावी का? मार्जरी टेलर यांच्या एका अभ्यासात सात वर्षांपर्यंतच्या सुमारे ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा काल्पनिक सवंगडी होता, असं आढळलं. आणि एलेन रीस यांनीच २००९ साली एका सहकारी संशोधिकेबरोबर साडेपाच वर्षांच्या मुलांची तुलना केली. असा सवंगडी असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या शब्दसंग्रहात फरक नव्हता. गोष्ट समजण्यातही नव्हता. पण सांगायला लावल्यावर सवंगडीवाल्यांच्या गोष्टी सरस निघाल्या. त्यात पात्रं बोलायची, वेळ-काळ यायचा. यामागचा एक अंदाज असा की न दिसणाऱ्या मित्राबद्दल घरच्यांना रोज समजावून सांगावं लागतं, म्हणून ऐकणाऱ्याला काय माहीत नाही याचं भान लवकर येतं.

बिस्किटांचं काय, तर ती कुणी खाल्ली हे तुम्हालाही माहीत आहे आणि त्यालाही. शिक्षा चुकवण्यासाठी रचलेलं आणि रचण्याच्या मजेसाठी रचलेलं, यातला फरक मुलाला शिकवता येतो. 'ही गोष्ट झाली, आता खरं सांग' एवढं वाक्य पुरतं. सगळ्याच कल्पनांना खोटं म्हटलं की काय होतं, ते रोडव्हिलने दाखवलंच आहे.

'हे सगळं उपजतच असतं'

काही प्रमाणात, हो. काही मुलं स्वभावतः बडबडी असतात, काही अबोल. अबोल मुलं सहसा निरीक्षणात तरबेज असतात, त्यांना फक्त वेळ जास्त लागतो. उपजत स्वभाव बदलत नाही म्हणून विरजण घालायचं नाही, हे काही मला पटत नाही.

'मोबाइलवर गोष्टी पाहतात की'

पाहतात, आणि त्यातल्या काही सुंदर असतात. अडचण एवढीच की मुलाने मध्येच 'का?' विचारलं तर व्हिडिओ थांबत नाही, आणि संपल्यावर 'तुला काय वाटलं?' असं विचारतही नाही. उलट पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो, म्हणजे दरी पडायच्या आत बुजते. ही उणीव शेजारी बसलेला माणूस भरून काढू शकतो. स्वयंपाक करता करता 'अगं, मग त्या अस्वलाचं काय झालं?' असं विचारलं तरी काम होतं.

'आमचं मूल आता बारा वर्षांचं आहे, वेळ गेली का?'

नाही. उलट या वयात एक वेगळीच गोष्ट सुरू होते. दहा-बारा वर्षांपर्यंत मूल सुटे प्रसंग सांगतं. त्यानंतर ते आपलं आयुष्य एका सलग कथेत गुंफू लागतं: मी असा का झालो, आमचं घर असं का. यासाठी लागणारा कच्चा माल घरच्या जुन्या हकिकतींतून येतो.

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांसाठी २० प्रश्न तयार केले. तुझं नाव कशावरून ठेवलं? आईबाबांची ओळख कशी झाली? आजी-आजोबा कुठे वाढले? घरातल्या कुणावर मोठं संकट आलं होतं का? जास्त उत्तरं माहीत असणाऱ्या मुलांचा आत्मसन्मान जास्त आणि कुटुंबातले संबंध बरे असल्याचं दिसलं. आपल्याकडे हे वाचून कुणी तरी वीस उत्तरं घोकून घेईल, म्हणून ड्यूक यांनी स्वतःच दिलेला इशारा सांगतो. उत्तरं माहीत असणं हे कारण नाही. ती ज्या असंख्य जेवणांच्या, प्रवासांच्या, सणांच्या गप्पांतून कळत गेली, त्या गप्पांचं ते फळ आहे.

ड्यूक यांनी घरोघरच्या कहाण्यांचे तीन आकारही सांगितले आहेत. काही घरं फक्त चढ सांगतात: काहीच नव्हतं, कष्ट केले, सगळं मिळवलं. काही फक्त उतार: आपली केवढी शेती होती, सगळी गेली. तिसरा आकार चढ-उतारांचा, आणि मुलांना बळ देतो तो हाच. गिरणगावातल्या घराचं उदाहरण घ्या. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. आज त्यांच्या नातवंडांना बऱ्याचदा 'आजोबा गिरणीत होते, मग आपण डोंबिवलीला आलो' एवढंच ठाऊक असतं. मधली वर्षं गाळलेली असतात, कारण ती सांगायला अवघड. पण गोष्ट आहे ती तिथेच. पगार थांबला, आजीने खानावळ चालवली, पाटल्या गहाण पडल्या, हे सांगितलं की बारा वर्षांचा मुलगा मोबाइलमधून मान वर करून विचारणार, 'मग सोडवल्या का?' तुम्हाला माहीत नसेल, तर आजीला फोन लावून त्याच्या हातात द्या.